पडवीत एक टॉवर, माजघरात दुसरा

धरणाच्या काठावरचे ते घर तीन खणांचे होते. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे चूल. पडवीत एक खाट आणि खाटेवर घडी घातलेली गोधडी. "उन्हाळाभर पोरगा इथंच निजायचा," त्याची आई म्हणाली. मी त्या खाटेवर बसलो आणि टेस्ट फोन सुरू केला. स्क्रीनवर सेल आयडीचा आकडा उमटला. तो धरणाच्या पलीकडच्या गावातल्या टॉवरचा होता, पाण्यावरून सरळ साडेसहा किलोमीटरवरच्या. उठलो, उंबरा ओलांडून माजघरात गेलो. थोड्या वेळाने आकडा बदलला. आता फोन गावामागच्या टेकडीवरच्या टॉवरला लागला होता. पुन्हा पडवीत येऊन बसलो, तर पुन्हा पलीकडचा टॉवर. दहा वेळा आत-बाहेर केले आणि दहाही वेळा वहीत लिहून घेतले.

ती माउली दाराला टेकून सगळे बघत होती. शेवटी तिने विचारले, "साहेब, म्हंजे पोरगं घरात निजलं असतं तर सुटलं असतं का?"

तिचा मुलगा टेम्पोचालक. मी त्या पडवीत बसलो होतो तेव्हा त्याला न्यायालयीन कोठडीत चौदा महिने झाले होते. धरणापलीकडच्या गावात एका रात्री गोदाम फुटले आणि राखणदाराला मारहाण झाली. त्या रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांनी या मुलाच्या फोनवर एक कॉल आला होता. पहाटे माल भरायला कुठे यायचे, हे सांगणारा दुसऱ्या चालकाचा कॉल, असे त्याचे म्हणणे. कॉलच्या नोंदीत टॉवरचा पत्ता पलीकडच्या गावचा. तेवढ्यावर दोषारोपपत्रात वाक्य आले, "आरोपी घटनेच्या वेळी घटनास्थळी हजर असल्याचे सीडीआरवरून निष्पन्न होते."

माझा सगळा आक्षेप त्या 'निष्पन्न' शब्दाला आहे.

मी टॉवरवाला माणूस. १९९९ पासून मोबाइल कंपन्यांच्या रेडिओ नेटवर्कवर काम केले. कुठल्या टॉवरवर अँटेना किती उंचीला लावायचा, कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा, किती अंश खाली झुकवायचा, हे ठरवणे हा माझा धंदा. बोलेरोच्या मागच्या सीटवर लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन, टपावर जीपीएस आणि पुढे घाटाची वळणे, याला आम्ही ड्राइव्ह टेस्ट म्हणतो. वाई, पाचगणी, मेढा, पाटण, कोयनानगर या पट्ट्यातल्या रस्त्यांवर कुठे रेंज जाते, कुठे कॉल तुटतो आणि कुठे फोन भलत्याच टॉवरला लागतो, हे मला माझ्या गल्लीसारखे माहीत आहे. म्हणून सांगतो. टॉवरची नोंद हा तपासाचा आरंभ असू शकतो. जमिनीवर जाऊन मोजल्याशिवाय ती माणसाच्या हजेरीचा पुरावा होऊ शकत नाही.

सीडीआर म्हणजे नेमके काय, ते आधी बघू. मूळ कामाने ती बिलाची वही. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद कॉल झाला, फोनचा पंधरा आकडी आयएमईआय कोणता आणि कॉल सुरू होताना व संपताना फोन कोणत्या सेलला जोडलेला होता, एवढेच तिच्यात असते. तपास अधिकाऱ्याच्या हाती ही एक्सेलची शीट येते. तिच्यात सेल आयडीपुढे एक पत्ता छापलेला असतो. तो पत्ता टॉवरचा असतो, फोनचा नव्हे. पण शीट वाचता वाचता 'टॉवर लोकेशन'मधला टॉवर गळतो आणि नुसते लोकेशन उरते. पंचनाम्यात, दोषारोपपत्रात, युक्तिवादात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मग 'आरोपीचे लोकेशन' असाच शब्द फिरतो.

एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले तीन सेक्टर असतात. प्रत्येक सेक्टर १२० अंशांचा पंखा उघडावा तसा भाग व्यापतो. गावाकडे अशा पंख्याची लांबी पाच किलोमीटर धरली, तरी क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे सहा हजार एकरांहून जास्त. त्यात ऊस आला, ओढा आला, दोन-तीन गावे आली, हमरस्ता आला. सीडीआर फार तर एवढेच सांगतो की फोन या सहा हजार एकरांत कुठेतरी असावा. घटनास्थळ त्यात असेल, आरोपीचे घरही त्यातच असेल, आणि फिर्यादीचेसुद्धा.

शिवाय हा पंखा कागदावर दिसतो तसा जमिनीवर कधीच पडत नाही. पाणी हा सगळ्यात मोठा फसवा. धरणाच्या पृष्ठभागावर अडवायला झाड नाही, भिंत नाही. पलीकडच्या काठाचा सिग्नल सरळ अलीकडच्या पडवीत येतो आणि टेकडीआडचा जवळचा टॉवर मागे पडतो. घाटमाथ्याचेही तसेच. पाचगणीच्या कड्यावरच्या अँटेनाचा झुकाव अर्धा-एक अंश कमी पडला, तर खाली वाईकडच्या शिवारातले फोन त्याला जाऊन चिकटतात. जत्रेच्या दिवशी जवळचा सेक्टर भरला की कॉल शेजारच्या सेक्टरवर ढकलला जातो. वादळात अँटेना फिरतो आणि महिनाभर तसाच राहतो, कंपनीच्या यादीत मात्र त्याची दिशा जुनीच असते.

वीज गेली तर वेगळीच तऱ्हा. टॉवरची बॅटरी काही तास धरते, मग डिझेल लागते. रात्री डिझेल पोचले नाही तर टॉवर बंद पडतो आणि त्याच्या हद्दीतले फोन दूरच्या टॉवरचा आधार शोधतात. त्या रात्रीचा सीडीआर काढला तर अख्खा गाव शेजारच्या गावी मुक्कामाला गेला होता, असे दिसेल. टॉवर बंद असल्याची नोंद सीडीआरमध्ये नसते. ती कंपनीच्या नियंत्रण कक्षातल्या वेगळ्या यादीत असते. आणि ती यादी मागणारे पत्र मला माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही आले नाही.

यातून वाट काढून फोनची जागा अगदी अचूक ठरवली, तरी फोन म्हणजे माणूस नव्हे. सिम वडिलांच्या नावावर, फोन थोरल्याचा आणि रात्री चार्जिंगला लावून हातात धाकट्याच्या, अशी आपल्याकडे घरोघरची रीत आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात २०१८ मध्ये एका तरुणाला गुगलकडच्या स्थाननोंदीच्या आधारे खुनाच्या संशयावरून पकडले. त्याचे खाते दुसऱ्याच्या फोनवर उघडे राहिले होते आणि तो दुसरा माणूस त्याचीच गाडी वापरत असे. जवळजवळ आठवडाभर कोठडीत काढून तो तरुण सुटला. यंत्राने नोंद बरोबर केली होती. ती नोंद कोणाची, हे ठरवताना माणसे चुकली.

हे लिहिताना मला तपास यंत्रणेला कमी लेखायचे नाही. अपहरण झालेल्या एका मुलासाठी मी रात्रभर पोलिसांबरोबर एका कंट्रोल रूममध्ये जागलो आहे. फोन दर वेळी चालू झाला की सेल आयडी सांगायचा, नकाशावर खूण करायची आणि बाहेर जीप धावायच्या. पहाटे मुलगा सापडला. तिथल्या एका हवालदाराने मला मारलेली मिठी मी विसरणार नाही. तिथे टॉवरने दिशा दाखवली आणि माणसांनी जागेवर जाऊन बघितले. हा माग असाच वापरायचा असतो. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यातही कॉलच्या नोंदींनी साखळी जोडायला मदत केली. पण तिथे त्या नोंदी इतर पुराव्यांच्या सोबतीने उभ्या होत्या. माझी तक्रार त्या खटल्यांबद्दल आहे, जिथे दुसरे काहीच हाती नाही आणि एका सेल आयडीवर माणसाचे आयुष्य टांगले जाते.

असे चुकले तर किती चुकते, हे डेन्मार्कने २०१९ मध्ये पाहिले. फोन कंपन्यांकडून आलेला कच्चा डेटा पोलिसांना वाचता येईल अशा रूपात बदलणाऱ्या संगणक प्रणालीत काही नोंदी गळत होत्या. शिवाय काही फोन भलत्याच टॉवरशी जोडलेले दाखवले गेले होते. हे लक्षात आल्यावर तिथल्या सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखांनी दोन महिने मोबाइल डेटाचा पुरावा म्हणून वापर थांबवला. २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली आणि कोठडीतल्या ३२ जणांना सोडले. एवढ्या छोट्या, शिस्तीच्या देशाने हे उघडपणे मान्य केले. आपल्याकडे अशी फेरतपासणी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडचे टॉवर काही वेगळ्या मातीचे नाहीत.

आपल्या न्यायालयांनी या विषयात काहीच केले नाही, असे मात्र नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा एक महत्त्वाचा निकाल तर आपल्या जालन्याच्या मातीतून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांनी उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नाही, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण पुराव्यात आले आणि कोण किती वाजता कुठे होते, याचा हिशेब व्हिडिओवरून मांडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. त्याच निकालात मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की तपासात एखादा सीडीआर जप्त झाला, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवा, म्हणजे पुढे बचाव पक्षालाही त्या मागवता येतील.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमध्ये एका अक्षराचा फेरफार झाला तरी तो पकडला जातो. ही चांगलीच सुधारणा आहे. पण प्रमाणपत्र कशाची हमी देते, ते नीट समजून घ्यायला हवे. कंपनीच्या संगणकात जे होते तेच कागदावर आले, एवढीच ती हमी. संगणकात होते ते जमिनीवर खरे होते का, याबद्दल प्रमाणपत्र एक शब्द बोलत नाही. कंपनीचा नोडल अधिकारी साक्षीला उभा राहतो, सही ओळखतो, शिक्का ओळखतो. त्या टॉवरचे तोंड कुठे आहे, असे विचारले तर तो सांगू शकत नाही, कारण तो तिथे कधी गेलेलाच नसतो. त्याचा यात दोष नाही. ज्याने जायला हवे, त्याला कोणी बोलावत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. दूरसंचार विभागाच्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवायच्या आहेत. त्याआधी ही मुदत एकच वर्ष होती. आता आपल्याकडच्या खटल्यांचा वेग आठवा. गरीब आरोपीला वकील मिळायला, त्या वकिलाने कागद वाचायला आणि साक्षी सुरू व्हायला बहुधा दोन वर्षे केव्हाच उलटतात. फिर्यादी पक्षाने उचललेल्या चार ओळी कागदावर टिकतात. आरोपीला उपयोगी पडल्या असत्या त्या चारशे ओळी पुसल्या जातात. टॉवर बंद असल्याची नोंद, अँटेनाची त्या वेळची दिशा, शेजारच्या सेलची यादी, यांचा तर कोणी वालीच नाही.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधील स्फोटांच्या खटल्यातही सीडीआरचा प्रश्न असाच चिघळला होता. आपण कुठे होतो हे दाखवण्यासाठी आरोपीच सीडीआर मागत होते आणि त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने लगेच त्या निकालाला दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली. त्या प्रकरणात अंतिम शब्द न्यायालयच बोलेल. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की स्फोटांत आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांना आणि तुरुंगात वर्षे काढलेल्यांना, दोघांनाही पहिल्याच महिन्यात जपलेल्या संपूर्ण नोंदींची सारखीच गरज होती.

आरोपीला अशा नोंदी मागण्याचा हक्क द्यावा का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेले आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका आरोपीने अधिकाऱ्यांच्या फोनचे कॉल तपशील आणि टॉवर लोकेशन मागितले. आपल्याला पकडले ती जागा आणि कागदावरची जागा एक नाही, हे त्याला दाखवायचे होते. न्यायालयाने इतरांचे नंबर झाकून ती नोंद देण्याची मुभा दिली. गुप्तताही राहिली आणि न्यायही अडला नाही.

गुप्ततेची काळजी खरीच आहे, कारण या नोंदी म्हणजे माणसाच्या दिनक्रमाचा आरसा. अमेरिकेतल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी १२७ दिवसांतल्या १२,८९८ स्थाननोंदी मिळवल्या होत्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की अशा नोंदींसाठी सर्वसाधारणपणे न्यायालयाचे वॉरंट हवे. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी आपल्याकडे सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांची टोळी पकडली. दवाखान्यात कधी गेलो, कोणाच्या घरी थांबलो, कोणत्या सभेला बसलो, हे सगळे त्या शीटमध्ये वाचता येते. म्हणून ती शीट कोण मागतो आणि का मागतो, याची लेखी नोंद न्यायालयासमोर असलीच पाहिजे.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या धंद्यातल्या माणसाच्या आहेत. पहिली, ज्या खटल्यात टॉवरच्या नोंदीवरून आरोपीची हजेरी सिद्ध करायची आहे, तिथे घटनास्थळी आणि आरोपी म्हणतो त्या जागी, दोन्हीकडे ड्राइव्ह टेस्ट झालीच पाहिजे, तीही पंचांसमोर आणि लवकरात लवकर, टॉवर बदलले जाण्याआधी. दुसरी, सीडीआर जप्त होताच त्या टॉवरची आणि शेजारच्या टॉवरांची त्या दिवसाची स्थिती, दिशा आणि बंद-चालूची यादी खटला संपेपर्यंत जपली जावी आणि तिची प्रत आरोपीला मिळावी. तिसरी, 'घटनास्थळी हजर असल्याचे निष्पन्न होते' हे वाक्य दोषारोपपत्रातून जावे. त्या जागी 'फोन या सेलच्या हद्दीत असावा आणि ती हद्द सोबतच्या नकाशात दाखवली आहे' असे लिहावे.

पोलिसांवर कामाचा बोजा आहे, हे मी रोज पाहिले आहे. पण एका जागेची ड्राइव्ह टेस्ट हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. गाडी, चार फोन, एक लॅपटॉप आणि एक जाणकार माणूस, एवढाच सरंजाम. जिल्ह्याला असे एक पथक पुरेल. चौदा महिन्यांच्या कोठडीपुढे अर्धा दिवस मोठा नाही.

आमच्या भागात पूर्वी चोराचा माग काढायचे काम गावच्या जागल्याकडे असे. रामोशी मंडळी त्यात तरबेज. धुळीतले पाऊल, मोडलेली काडी, ओल्या बांधावरचा खूर बघत ते शिवेपर्यंत जात. माग शिव ओलांडून पुढे गेला, की तो पुढच्या गावच्या जागल्याला दाखवून त्याच्या हवाली करायचा. मग त्याने तो पुढे न्यायचा. माग ताजा असतानाच दाखवायचा, जमिनीवर दाखवायचा आणि ज्याच्यावर जबाबदारी येणार त्याच्यासमोर दाखवायचा. टॉवरच्या मागाला याहून निराळा नियम कशासाठी हवा?

त्या टेम्पोचालकाच्या खटल्यात मी साक्ष दिली. पडवीतले दहा आकडे आणि माजघरातले दहा आकडे न्यायाधीशांसमोर मांडले. सरकारी वकिलांनी विचारले, "म्हणजे तो पडवीतच होता, असे तुमचे म्हणणे आहे का?" मी म्हणालो, "नाही. तो कुठे होता हे मला माहीत नाही. या नोंदीवरून कोणालाच सांगता येणार नाही." त्याच्याविरुद्ध दुसरा कसलाही पुरावा नव्हता. तो सुटला. पण टेम्पोचे हप्ते थकल्याने गाडी आधीच ओढून नेलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा त्या घरी डोकावलो. खाट पडवीत नव्हती, माजघरात होती. उकाडा मरणाचा होता, तरी. "आता आतच निजतो तो," आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. वाऱ्यासाठी पडवीत झोपायलाही माणसाने भ्यावे, अशी वेळ कायद्याने त्याच्यावर आणू नये. एवढ्यासाठीच हे लिहिले.